पॅनेलमधला हीटर

चहा निम्मा पिऊन घ्या आधी, कारण मी काय घोळ घातला ते ऐकलंत तर उरलेला अंगावर सांडेल.

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला आमचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथे बावीस वर्षं मेंटेनन्स माझ्याकडे. नुसत्या आवाजावरून मी यंत्राचं दुखणं ओळखतो, असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, लोक ऐकून घेतात!

थंडावा देणारे सगळे कॉम्प्रेसर चालवणारा आमचा जुना कंप्युटर म्हणजे एक धूड होतं. खारी हवा खाऊन खाऊन त्याचा पंखा असा घरघरायचा की शेजारी उभं राहून फोनवर बोलायची सोय नव्हती. गणपतीला मी मंडणगडला घरी गेलो आणि पुण्याच्या कंपनीची माणसं नेमकी तेव्हाच येऊन तो बदलून गेली.

परत येऊन कंट्रोल पॅनेल उघडतो तर काय? धूड गायब! त्या जागी जेवणाच्या डब्याएवढी काळी, जाडजूड ॲल्युमिनियमची पेटी. वरून नुसत्या उभ्या पट्ट्या. पंखा नाही, आवाज नाही. हात लावला तर छान गरम.

मी एका क्षणात ओळखलं. पॅनेल हीटर! दमट हवेत आतल्या वायरी गंजू नयेत म्हणून बसवतात तो. कंप्युटर मागून येणार असेल, तोवर पॅनेलच्या दारावरच्या स्क्रीनवरच भागवलं असेल, हेही मीच ठरवून टाकलं. विचारायचं कुणाला? आणि का?

आता भादव्यात आपल्याकडे रुमालसुद्धा वाळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. सकाळी नऊला पावसातून गाडीवरून येईपर्यंत माझे मोजे रोज चिंब. मग काय, हीटरवर मोजे! दुपारपर्यंत कडकडीत. इतका गुणी हीटर मी जन्मात बघितला नव्हता.

पाचव्या दिवशी मात्र राहवेना. मालकांना गाठलं. "शेठ, कंप्युटर दिलाच नाही हो त्यांनी. फसवलंनी आपल्याला!"

शेठ भडकले. आत कोळंबी ठासून भरलेली, दुसऱ्या दिवशी माल निघायचा. पॅनेलसमोर येऊन लगेच पुण्याच्या कंपनीला व्हिडिओ कॉल. समोर एक इंजिनिअर मुलगी.

"काका, कंप्युटर बसवलाय ना! पॅनेल दाखवा बघू."

मी ऐटीत फोन फिरवला. "हे बघा. आहे कुठे कंप्युटर? हा एवढा हीटर आहे."

"काका... त्यावर काय आहे?"

"मोजे."

"मोजे काढा आधी. तोच कंप्युटर आहे!"

शेठ माझ्याकडे बघायला लागले. बावीस वर्षांची अब्रू हो! मी म्हटलं, "बाई, मला शिकवू नका. हा काढला तरी काडीचा फरक पडणार नाही. बघा!"

आणि उपटला की प्लग!

स्क्रीन काळा. एकेक करून सगळे कॉम्प्रेसर गप्प. बावीस वर्षांत तिथे एवढी शांतता मी ऐकली नव्हती.

"लावा परत!" मुलगी ओरडली. मी झटकन लावला. कुणी बटण दाबलं नाही, काही नाही. पेटी आपली आपण उठली, स्क्रीन उजळला आणि थोड्या वेळाने एकेक कॉम्प्रेसर सुरू. कोळंबी वाचली! मी खरंच त्या पेटीला हात जोडले. केवढीशी ती, आणि डोक्यावर ओले मोजे घेऊन पाच दिवस अख्खं स्टोरेज सांभाळत होती!

"तरीच," मुलगी म्हणाली, "रोज साडेनऊला इथे पुण्यात त्याचं तापमान चढलेलं दिसायचं. आम्हाला वाटलं, रत्नागिरीत ऊन पडलं! काका, धूळ, धक्के, उकाडा, सगळ्यात तपासून पाठवतो आम्ही हे. मोज्यांचं कुणाला सुचलं नव्हतं."

मी शेठकडे बघायचं टाळत होतो. ते मात्र पेटीवरून हळूच हात फिरवत होते.

"मोहन," ते म्हणाले, "तोंडातून चकार शब्द न काढता काम करणारा एक जण बावीस वर्षांनी मिळाला रे मला. आणि तू त्याचाच प्लग काढलास!"