नऊनंतर एक

आमच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर एक लाकडी बाक आहे. त्यावर बसून आम्ही आजवर भारताचा क्रिकेट संघ किती वेळा निवडला असेल, त्याची गणती नाही. बाकावरचे कायमचे सभासद दोन. गिऱ्हाईक नसताना मी, आणि एरवीही तिथंच असणारे, बसच्या नोकरीतून निवृत्त झालेले कंडक्टर. खेळातलं सगळं आपल्याला कळतं असा आम्हा दोघांचा पक्का समज होता. तो समज एका श्रावणात, दीड दिवसात उतरला. ज्यांनी उतरवला त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, म्हणून हे लिहायला बसलो.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. त्या वर्षी आमच्या अल्लीपूरच्या शाळेत खेळाच्या नव्या मॅडम आल्या होत्या. बोरगाव मेघेहून रोज स्कूटरनं यायच्या. त्यांनी येताना एक मोठी पिशवी आणली, तिच्यात जाड दांडू आणि हातात घालायचे चामड्याचे पंजे होते, आणि महिन्याभरात शाळेत मुलींचा बेसबॉलचा संघ उभा राहिला. गावाला हे प्रकरण नवीनच होतं. कंडक्टर म्हणाले, "क्रिकेटच हाय, फक्त स्टम्प चोरीले गेले." मीही मान डोलावली. मुलगी मात्र चामड्याचा तो पंजा घरी आणून त्याला खोबरेल तेल लावायची आणि खुंटीवर टांगायची. देवघरातल्या समईला तिनं कधी इतकं घासलं नव्हतं, असं तिची आई म्हणायची.

मोसमातला पहिला सामना वर्ध्याला होता. आदल्या दिवशी दुपारी मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर संघाची यादी टाकली. हातानं लिहिलेली, एक ते नऊ, कोण कितव्या नंबरवर बॅटिंगला जाणार त्या क्रमानं. मी वरून बोट सरकवत आलो आणि आमच्या मुलीचं नाव शोधलं. ते सापडलं नऊ नंबरवर.

"नववी?" कंडक्टरनी चष्मा वर केला. "म्हणजे अकरावा बॉलर जातो ना, तसं झालं हे."

माझं डोकं फिरलं. माझी पोर धावायला वाऱ्यासारखी, आणि तिला शेवटी टाकतात? मग आम्ही दोघांनी बाकावर बसून यादीची चिरफाड केली. मी नाव वाचायचं, कंडक्टरनी सांगायचं, ती कोणाची. तीस वर्षं बसमध्ये काढलेला माणूस, गावातलं प्रत्येक घर पाठ. "हे जिनिंगच्या वजनकाट्यावाल्याची. हे दूधवाल्याची धाकली. हे डाकवाल्याची पुतणी." एकेक नाव असं उलगडत गेलं आणि मी ते त्याच रूपात डोक्यात ठेवलं.

मग मी ग्रुपवर एक लांबलचक मजकूर लिहिला. वर ठसठशीत मथळा दिला, 'उद्याच्या सामन्याचा अंदाज'. खाली लिहिलं की संघ बरा आहे पण क्रम साफ चुकला आहे. काट्यावाल्याच्या चष्मेवाल्या मुलीला सलामीला पाठवलं आहे, तिला बॉल दिसणार कुठून? दूधवाल्याच्या मुलीला बॉल फेकायला दिलं आहे, तिच्या हातात जोर आहे का? आणि स्वतःची मुलगी म्हणून सांगत नाही, पण जी खरी खेळणारी आहे तिला शेवटी बसवलं आहे. मॅडमनी थोडं क्रिकेट पाहावं, असंही लिहिलं. स्वतःची मुलगी म्हणून सांगत नाही, हे वाक्य लिहिणारा बाप फक्त आपल्याच मुलीबद्दल सांगत असतो, एवढं तेव्हा मला कळलं नाही.

ग्रुप पेटला. दोघातिघांनी पसंतीचे अंगठे टाकले. एकानं लिहिलं, 'भाऊ बरोबर बोलून राह्यले.' दूधवाल्यानं लिहिलं, 'माया पोरीच्या हातात जोर हाय का नाई ते एखाद दिवस गोठ्यात येऊन पाहा.' त्यावर कोणीतरी हसलं, त्या हसण्यावर आणखी कोणाला राग आला. मॅडमनी वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. तासभर मला फार मजा आली. फवारणीचे दिवस होते, लोक पंपाचे वॉशर मागायला येत होते, आणि मी वॉशर देता देता मोबाइल बघत होतो.

संध्याकाळी घरी गेलो तर खुंटी रिकामी होती. मुलगी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी बायकोला विचारलं, "पंजा कोठं गेला?"

"परत देऊन आली मॅडमले," ती पोळी लाटता लाटता म्हणाली. "तुमचं लिवलेलं त्या पोट्ट्यांनी वाचलं. ते चष्मेवाली सरावातून रडत घरी गेली. बाकीच्या आपल्या पोरीशी बोलल्या नाई. म्हणते, ज्या टीममधी माया बाप अंपायर हाय, तिथं मी खेळत नाई."

मी आत जाऊन दाराशी उभा राहिलो. "उद्या जाजो बेटा," म्हणालो. ती वळलीसुद्धा नाही. तिच्यासाठी म्हणून मी लिहिलं होतं, आणि तिचाच खेळ मी घालवला होता. मजकूर पुसून टाकला, पण तोवर तो सगळ्या घरांतून फिरून आला होता.

मी मॅडमना फोन लावला. चांगली खरडपट्टी निघणार म्हणून तयारीतच होतो. मी माफी मागितली, मुलीला घ्या म्हणालो. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "भाऊ, सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकाशी या. यादी लिहायची आहे."

सकाळी भुरभुर चालू होती. काळ्या मातीचे थर चपलेला चिकटवत मी फाटकाशी पोहोचलो, सोबत कंडक्टरही होते. वर्ध्याला न्यायला काळीपिवळी जीप उभी होती. आठ मुली खेळाच्या कपड्यांत ओळीनं उभ्या होत्या. माझी मुलगीही आली होती, पण घरच्या सलवार-कुर्त्यात. आईनं सगळ्यांसाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या केल्या होत्या, तो डबा द्यायला. डबा तिनं गाडीत ठेवला आणि फाटकाला टेकून उभी राहिली.

मॅडमनी माझ्या हातात पाठीला पुठ्ठा लावलेला कागद दिला आणि पेन दिलं. कागदावर नऊ ओळी होत्या, सगळ्या कोऱ्या. "मैदानावर ही द्यावी लागते," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहा. तुम्हाला योग्य वाटेल तो क्रम लावा, मी बदलणार नाही."

मला वाटलं, थट्टा करतात. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. मी पेनाचं टोपण काढलं. पहिल्या ओळीवर पेन टेकवलं, आणि हात तिथंच राहिला. समोर आठ मुली. ही दूधवाल्याची. ही डाकवाल्याची पुतणी. ही आमच्या मागच्या गल्लीतली, हिच्या बापाला मी परवाच कडी-कोयंडा दिला. सगळ्यांचे बाप मला माहीत होते. काहींचे आजेही. मुलींचं म्हणाल तर एकीचंही नाव मला येत नव्हतं. काल दुपारी हीच नावं मी एकेक करून मोठ्यानं वाचली होती.

कंडक्टर माझ्यामागे उभे होते. त्यांच्याकडे पाहिलं तर ते आभाळाकडे बघायला लागले. शेवटी मी ओळीत पहिल्या असलेल्या चष्मेवालीसमोर गेलो. तिच्या चष्म्याच्या काड्यांना मागून रबरी पट्टा बांधला होता.

"बेटा, तुझं नाव काय?"

तिनं सांगितलं. हजेरी घेताना सांगतात तसं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, खणखणीत. मी ते पहिल्या ओळीत लिहिलं. मग म्हणालो, "काल मी चुकीचं लिवलं तुझ्याबद्दल."

"हो काका," ती म्हणाली.

एवढंच. रागावून नाही आणि माफ केल्यासारखंही नाही. खरं ते खरं, अशा आवाजात. त्या दोन शब्दांनी मी जेवढा खाली आलो तेवढा कोणाच्या शिव्यांनी आलो नसतो. मग मी पुढचीला विचारलं, मग तिच्या पुढचीला. एका नावात मी पहिली वेलांटी दिली, तर ती म्हणाली, "दुसरी हाय काका." मी दुरुस्त केलं. कोण मारते, कोण पळते, मला काही ठाऊक नव्हतं. त्या उभ्या होत्या त्या क्रमानं मी लिहीत गेलो. त्या कोणत्या क्रमानं उभ्या होत्या, हे मॅडमना अर्थात माहीत होतं.

आठ ओळी भरल्या. नववी कोरी राहिली. मॅडम म्हणाल्या, "आठ जणींनी सामना होत नाही."

मी फाटकाकडे गेलो. आदल्या दिवशी मी तिला न विचारता तिच्या नावानं एवढं लिहिलं होतं. आता विचारणं भाग होतं. "तुझं लिवू का?" मी म्हणालो.

तिनं कागद हातात घेतला. वरची आठ नावं तिनं वाचली. मग म्हणाली, "कोणत्या नंबरवर?"

"नऊच उरलाय."

"मले नऊच पायजे होता," ती म्हणाली आणि मॅडमकडून खेळाचे कपडे घेऊन बदलायला शाळेत पळाली. चष्मेवालीनं गाडीतल्या पिशवीतून तिचा पंजा काढून ठेवला.

मोटारसायकलवर कंडक्टरना मागे बसवून मी वर्ध्याला गेलो. मैदान ओलं होतं, त्यावर लाकडाचा भुसा टाकला होता. आम्ही प्लास्टिकचा कागद अंथरून बसलो आणि तोंडाला कुलूप लावलं. हे आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. काय चाललंय ते कळतही नव्हतं. तीन जणी बाद झाल्या की बाजू बदलते, एवढं कळलं. दूधवाल्याच्या धाकटीच्या हातात जोर होता. ती बॉल फेकायची आणि समोरच्या मुली हवेत दांडू फिरवायच्या.

बऱ्याच वेळानं आमच्या मुलीची पाळी आली. तिनं दांडू उचललाच नाही. चार बॉल वाकडे आले, चारही तिनं सोडले, आणि पंचांनी तिला चालत पहिल्या टप्प्यावर, म्हणजे त्यांच्या भाषेत बेसवर, पाठवलं. बॉलला हात न लावता बक्षीस मिळतं, हे आम्हाला नवीन होतं. पण नऊ जणी खेळून झाल्या होत्या. डाव संपला. मी उठून उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. कंडक्टरही उठले, त्यांनी प्लास्टिकचा कागद झटकून घडी घालायला घेतली.

मॅडमनी मागे वळून पाहिलं. "भाऊ, बसा. नऊनंतर एक."

कंडक्टरनी कागद पुन्हा अंथरला. समोर चष्मेवाली आली. दोन बॉल तिनं नुसते बघून सोडले. तिसरा असा मारला की दोघींच्या मधून तो कुंपणाकडे गेला. आणि माझी मुलगी पळाली. दुसरा टप्पा, तिसरा, भुशावरून घसरत परत बॅटिंगच्या जागेवरच्या पाटीवर, म्हणजे एक धाव. तिच्या पायाला वेग होता हे मला आधीपासून माहीत होतं. तो वेग नवव्या नंबरावर कशाला हवा, हे मात्र तिथं बसल्यावर कळलं. तिच्या मागं पहिली येते म्हणून. या खेळात शेवट कोणीच नसतो, क्रम फिरत राहतो. मॅडमना ते माहीत होतं, नववीतल्या पोरीला माहीत होतं, आणि मी त्यांना क्रिकेट पाहायचा सल्ला दिला होता.

सामना आम्ही थोडक्यात हरलो. परत येताना मुलगी माझ्यामागे मोटारसायकलवर बसली, कंडक्टर मुलींबरोबर गाडीत पुऱ्या खात आले. गाव जवळ आल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुमी मधातच काऊन उठले होते?"

"मले वाटलं संपलं."

ती हसली. माझ्या पाठीवर डोकं टेकून हसत राहिली. कालपासूनचं तिचं ते पहिलं हसू होतं. त्याबद्दल मी मॅडमचा ऋणी आहे आणि त्या आठ जणींचाही, कारण त्यांनी मनात आणलं असतं तर तिला गाडीत घेतलं नसतं.

आता मुलगी सावंगीला नर्सिंग शिकते. दुकानाबाहेर आमचा एक फळा आहे, त्यावर 'पंपाचे वॉशर मिळतील' असं लिहिलेलं असतं. दर वर्षी मोसमातल्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी मी तो पुसतो आणि मॅडमनी दिलेली नऊ नावं खडूनं लिहितो. पूर्ण नावं, वेलांट्या विचारून घेऊन. मतं लिहीत नाही. ती बाकावर कंडक्टर देतात, मला देऊ देत नाहीत. मुली शाळेतून जाताना फळ्यापाशी थांबतात, आपापलं नाव वाचतात आणि पुढं जातात.

त्या नऊंत आमच्या घरचं नाव आता नसतं. संध्याकाळी मुलीचा फोन येतो. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, हे सगळं नंतर. आधी ती विचारते, "बाबा, यंदा नववी कोण?"

मी फळ्याकडे न बघता तिला पूर्ण नाव सांगतो.