थरथरलेला हात

नागपूरच्या माझ्या मार्गदर्शकांनी प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत केलं, तेव्हा समासात एकच प्रश्न होता: ‘तुम्ही हे पाहिलं, की नुसतं लिहिलं?’

दिल्लीच्या वर्तमानपत्रासाठी मी सात वर्षं परदेशच्या बातम्या लिहिल्या. एका परिषदेत, करारावर सही करताना एका पंतप्रधानांचा हात थरथरला, असं मी तारेनं कळवलं होतं. ते पहिल्या पानावर छापून आलं. पुढे बातमीदारीचा वीट आला, नेते निर्णय कसे घेतात याचा नीट अभ्यास करावा म्हणून नोकरी सोडली आणि चाळिशीला आलेला घोडा पुन्हा विद्यार्थी झालो. अख्खा प्रबंध त्या थरथरीवर उभा होता. आणि ती मी खरंच पाहिली होती का, हे मला आठवेना. घाईत तिखटमीठ लावायची सवय माझ्या हाताला होतीच.

उत्तर फक्त माझ्या टिपणवहीत होतं. त्या दिवशीची वही, सभागृहात बसून लिहिलेली. सगळ्या वह्या मी गावी पेटीत ठेवल्या होत्या. गोंदियाहून छोट्या रेल्वेगाडीनं आलो आणि नवेगावच्या बांधाजवळच्या घरापर्यंत जवळजवळ पळतच गेलो.

पेटीत गोधड्या होत्या.

माय अंगणात टोपल्या उन्हात फिरवत होती. धानाचे दाणे फटीतून सांडू नयेत म्हणून आमच्याकडे कागद भिजवून, मेथ्या घालून कुटतात आणि त्या लगद्यानं टोपल्या लिंपतात. नवं धान येण्याआधी तिनं सात टोपल्या लिंपल्या होत्या.

"माय, माझ्या वह्या?"

"ह्या का," तिनं टोपलीवर थाप मारली. "तूच त म्हनत होतास, छापून झालं का मंग ते रद्दी. ठेवू कायले?"

म्हणालो होतो. दर सुट्टीत, मोठ्या ऐटीत म्हणालो होतो. तरी मी तिच्यावर ओरडलो. काय काय बोललो ते आज लिहवत नाही. माझं आयुष्य तू कुटलंस, असंही म्हणालो. ती टोपल्या फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाहेर आलो तर माय विहिरीपाशी बसलेली. एक टोपली तिनं घंगाळात भिजत घातली होती आणि लगदा बोटांनी सोडवून फडक्यावर एकेक तुकडा वाळत मांडत होती. पाणी निळसर झालं होतं. तिला अक्षरओळख नव्हती.

"राहू दे माय."

"काऊन राहू देऊ? निंगून राहिलं ना थोडं थोडं." तिनं नखाएवढा ओला तुकडा माझ्यापुढे धरला. "हे पाह्य. हे तुझंच अक्षर होय ना?"

करड्या लगद्यावर शाईचा एक डाग होता. अक्षर कुठेच नव्हतं. तिची बोटं गार पाण्यानं सुरकुतली होती.

"हो," मी म्हणालो. "माझंच."

ती हसली आणि तिनं तो तुकडा जपून फडक्यावर ठेवला.

किती सहज म्हणालो मी ते! समोरच्या माणसाला जे हवं ते, न पाहिलेलं. त्या परिषदेतूनही असंच लिहून कळवलं असणार. मला आता वहीची गरज नव्हती.

दुपारी मार्गदर्शकांना पत्र लिहिलं: हात थरथरलेला मी पाहिला नव्हता, तिसरं प्रकरण काढून टाकतो. त्याशिवाय प्रबंधात काही उरत नव्हतं. पत्र टाकून आलो, तेव्हा मायनं दुसरी टोपली भिजत घातली होती.