खिशातला हात

गावाबाहेरच्या वस्तीतले ते, नागपूरला रेडिओ स्टेशनच्या ट्रान्समीटरवर कामाला होते आणि रविवारी हिंगणघाटला घरी यायचे. आमचा रेडिओ खरखरू लागला की मी त्यांनाच बोलवायचो. चालू रेडिओत ते फक्त उजवा हात घालायचे. डावा खिशात. काम संपलं तरी तो तिथंच राहायचा. ओसरीवर बसून, त्यांच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या कपातून चहा घेतानासुद्धा. माझ्या वडिलांना त्यांनी कधी हात जोडले नाहीत, नुसती मान लववायचे.

"नोकरी लागली म्हणून ऐट बघा," वडील म्हणायचे.

एकदा मी विचारलंच. ते हसले.

"गुरुजी, तिथं हजारो व्होल्ट असते. दोन्ही हात लागले तं करंट सिद्धा छातीतून जाते. म्हणून एक हात खिशातच ठेवा लागते. आता सवयच होऊन गेली."

मला पटलं. वडिलांनाही मी ते समजावून सांगितलं.

मग ते बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आले. पुढच्या रविवारी रेडिओ पुन्हा बिघडला, म्हणून मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. बुद्धाच्या तसबिरीसमोर ते डोळे मिटून उभे होते, दोन्ही हात छातीशी जोडून. माझी चाहूल लागली तसे ते वळले, आणि डावा हात सावकाश खिशात गेला.

"या गुरुजी, बसा. रेडिओ बिघडला काय?"

माझे दोन हात कुठं ठेवावेत, तेच मला कळेना.