मशीन पाणी घेईना

यांनी कुवेतहून भांडी धुण्याचं मशीन आणलं, तेव्हा सिंदी मेघ्यातल्या आमच्या घरी शेजारणी ते बघायला येत. ऐंशी साल उलटून गेलं होतं, तरी आमच्याकडे कुणी असलं काही पाहिलेलं नव्हतं. मला मात्र पहिल्या दिवसापासून त्याची भीती वाटे. लहानपणी वडनेरला माझा चुलतभाऊ कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून गेला. त्याच्या पायाखालचं ओलं अंगण मी पाहिलं होतं. आता वीज आणि पाणी एकाच डब्यात कोंडून माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं होतं.

सुट्टी संपली, हे परत गेले. चारेक महिन्यांनी एका सकाळी मशीनने पाणी घेणंच सोडलं. बटण दाबलं की आत घूं घूं व्हायचं, पण पाणी पडल्याचा आवाज नाही. मी घाबरून बटण बंद केलं.

"बाई, मी काई नाई केलं," भांडेवाली मावशी दारातूनच म्हणाली. मशीन आलं तेव्हा काम जाईल म्हणून ती घाबरली होती, आता आळ येईल म्हणून.

"तुमाले कोण काय म्हणून राह्यलं, मावशी? या, हात लावा जरा."

मशीन बसवणाऱ्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तर त्याचा निरोप आला, 'त्यातलं मले समजत नाई.' मग आम्हा दोघींनाच बघावं लागलं. मशीनमागे हात घालून, कोरड्या फडक्यात पिन धरून, डोळे मिटून मी ती उपसली. मशीन पुढे ओढलं. नळाला लावलेला पाइप मशीनकडच्या टोकाने काढून बादलीत सोडला, तर धो धो पाणी आलं. म्हणजे नळ ठीक होता, टाकीतही पाणी होतं. पाइप मशीनला जिथे जोडतात, तिथे नखाएवढी जाळी होती. ती पकडीने बाहेर काढली, तर आमच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा खार तिच्यावर दगडासारखा बसलेला. मावशीने तो लिंबू चोळून सुईने टोकरला. जाळी उजेडात धरली, तेव्हा आरपार दिसलं.

"झालं बाई, आता चालू करजो!"

मी पिन हातात घेतली आणि तिथेच थांबले. पिनेला दोनच दांडे होते. कुवेतची पिन आमच्या बोर्डात बसत नव्हती, म्हणून इलेक्ट्रिशियनने ती कापून दुसरी लावली होती आणि तिसरी, अर्थिंगची हिरवी वायर मागे दुमडून टेप गुंडाळला होता. भाऊ गेल्यावर कूलर उघडला, तेव्हाही हिरवी वायर अशीच सुटी निघाली होती. ती सुटी असली की सगळ्या डब्यात वीज उतरू शकते, हे आमच्या घरात पोराबाळांनाही ठाऊक होतं.

चार महिने! मी ओल्या हातांनी त्याचं दार उघडत होते. माझी तीन वर्षांची मुलगी, मशीन गरम लागतं म्हणून, थंडीत त्याला गाल लावून उभी राहायची. मी खालीच बसले.

"काऊन बाई, काय झालं?" मावशीने विचारलं. मी तिला टेप गुंडाळलेली वायर दाखवली.

दुपारी मी स्वतः जाऊन इलेक्ट्रिशियनला घेऊन आले. "काई नाई होत बाई, सारे असंच लावते," तो म्हणाला. मी त्याला माझ्या भावाचं सांगितलं. मग त्याने अर्थिंगसाठी परसात खड्डा खणला, मीठ आणि कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरली, तीन दांड्यांची पिन लावली. संध्याकाळपर्यंत मी तिथून हलले नाही.

मुलीला शेजारणीकडे ठेवून मी बटण दाबलं. खळखळ पाणी आत पडू लागलं. मावशी हसली. माझा हात दारापासून वीतभर लांबच राहिला.

यांना पत्रात जाळी साफ केल्याचं लिहिलं. वायरचं लिहिलं नाही. परक्या मुलखात एकटा माणूस, त्याची झोप कशाला उडवायची?