दहा लाख नऊ

बाबा गणिताचे मास्तर. दरवर्षी आठवीच्या वर्गात ते फळ्यावर एक संख्या लिहीत, दहा लाख नऊ, आणि सांगत, "ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून हिला कुणाचा भाग जात नाही." कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांनी ते वाचलं होतं, पडताळून कधी पाहिलं नव्हतं. मीही त्याच वर्गात बसलो. भर वर्गात बापाला शंका विचारायची माझी काय बिशाद!

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवण झालं की नाही ते, मग भाट्याच्या पुलावरून घरी यायचा रस्ता. ही संख्या मात्र डोक्यातून जाईना. उलट तिच्याबद्दल संशयच आला. "पोरांना मी चुकीचं तर शिकवलं नाय ना?" असं ते मला सारखं विचारत. शेवटी एका सकाळी चिऱ्याच्या लाल दगडाची खपली घेऊन पडवीतल्या कोब्यावर भागाकार मांडून बसले.

हजाराच्या आतल्या एकेका मूळ संख्येने भागत जायचं. कुणाचाच भाग गेला नाही तर मास्तर बरोबर. दोन, तीन, पाच त्यांनी नुसत्या नजरेने बाद केले. सातने भागलं, बाकी तीन. अकराने दहा, तेरानेही दहा. कोब्यावर लाल, वळणदार आकडे उमटत होते आणि आई वाडगा घेऊन उभी होती.

"अहो, ती संख्या काय पळून जातेय? पेज निवतेय."

"पळत नाय गो, म्हणून तर बसलोय."

मी गुपचूप फोनवर पाहिलं. दोनशे त्र्याण्णव गुणिले तीन हजार चारशे तेरा, बरोबर दहा लाख नऊ. म्हणजे बाबा चुकले होते, तेही वर्षानुवर्षं, वर्गामागून वर्गासमोर. मला फार वाईट वाटलं. फोन खिशात टाकला.

कालचं सगळं विसरून ते रोज सकाळी पुन्हा सातपासून सुरुवात करत आणि शंभराच्या आसपास दमत. दुपारी आई कोबा पुसून घेई. एरवी त्यांच्या विसरण्यावर मी चरफडायचो. इथे मात्र ते माझ्या पथ्यावरच पडत होतं. दोनशे त्र्याण्णव अजून लांब होते.

गेल्या महिन्यात एकदा मधल्या कितीतरी संख्या गाळून त्यांनी थेट दोनशे त्र्याण्णव लिहिले. आता बाकी शून्य येणार आणि हा माणूस मोडून पडणार, म्हणून मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी कंस काढला, आत दहा लाख नऊ लिहिले आणि हात थांबला. मग खपली माझ्यापुढे धरून म्हणाले, "आता ह्याचं काय करतात रे?"

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण तसं नव्हतं. भागायचं कसं, तेच गेलं होतं. शून्य येऊ दे, चूक सापडू दे, रडू देत, माझ्यावर ओरडू देत, पण एकदा भागू देत, असं मी मनातल्या मनात विनवत होतो. ते खपली धरून तसेच थांबले होते.

"मूळ संख्याच आहे, बाबा," मी म्हणालो.

अनोळखी गावात कुणी रस्ता समजावून सांगावा आणि आपण कळल्यासारखी मान हलवावी, तशी त्यांनी मान हलवली.