अजून एक बार शिल्लक आहे!

मला सांगा, जुनं रिव्हॉल्वर विकत घ्यायचं झालं तर विश्वास कोणावर ठेवाल? मी म्हणतो, जो आधी वस्तू हातात देतो आणि मग तिची गोष्ट सांगतो, त्याच्यावर! ज्याची गोष्ट आधी सुरू होते, त्याला नमस्कार करून बाहेर पडावं.

इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमला माझा धंदाच हा. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन सैनिकांची रिव्हॉल्वरं आणि एकदा भरल्या की लागोपाठ बार काढणाऱ्या रिपीटर बंदुका. शिक्षण विचाराल तर बेताचंच. जे कळतं ते हाताळून हाताळून कळलं. शोकेसमधला माल महिनोन्‌महिने हलत नाही, किस्से मात्र रोज वाढतात. त्यातले निम्मे आमच्या ग्रुपचे. उन्हाळा आला की शेतात तंबू ठोकून, उत्तरेचे निळे आणि दक्षिणेचे करडे युनिफॉर्म घालून अमेरिकेतलं यादवी युद्ध पुन्हा लढणारी ही इंग्रज मंडळी. बंदुकीची दारू खरी, आवाज खरा, फक्त गोळी नाही. ते लढतात, मी कडेला स्टॉल लावतो.

*

एकदा एक गृहस्थ स्टॉलवर आले. रिव्हॉल्वर पिशवीतच, पण गोष्ट सुरू! "माझे खापरपणजोबा अमेरिकेत घोडदळात होते. हे त्यांच्या कमरेला होतं."

मी भिंग लावलं. नळीखाली विसाव्या शतकातल्या इटालियन कारखान्याचा शिक्का. हुबेहूब नक्कल! म्हटलं, "साहेब, हे इटलीत बनलंय."

गृहस्थ शांतपणे म्हणाले, "शक्य आहे. ते फार फिरायचे!"

*

आमच्या ग्रुपची खरी अडचण लढण्याची नाही, मरण्याची! गोळीच नाही, मग मेलो हे कळणार कसं? ज्याने त्याने आपापलं ठरवायचं. चिखल असेल तर कोणी मरत नाही. करड्या बाजूचा कीथ, पेशाने पोस्टमन, दरवेळी चहाच्या तंबूपाशीच धारातीर्थी पडायचा. एकदा तर पडला तेव्हा हातात अर्धा खाल्लेला स्कोन होता!

*

निळ्यांचा कॅप्टन ब्रायन, रिटायर्ड बस ड्रायव्हर. त्याने हौसेने सात बारांची रिपीटर कार्बाइन आणली. त्या काळी हे शस्त्र दिसलं की समोरच्याला घाम फुटायचा. ब्रायनने सातही बार झाडले. समोरची रांग जशीच्या तशी! एक जण तर जांभई देत होता.

ब्रायनने लढाई थांबवली आणि ओरडला, "जंटलमेन, ही रिपीटर आहे, हेअर ड्रायर नाही!"

*

आणि आमचा डॉक्टर सुहास. मूळचा नागपूरचा, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. माझ्या स्टॉलवर रिव्हॉल्वर बघायला आला आणि निळ्यांमध्ये भरती होऊन गेला. नवा म्हणून ब्रायन त्याला पहिल्याच फैरीत मरायला लावायचा. सुहासची तक्रार नव्हती. "शेठ, आठवड्यात तेवढीच झोप मिळते," म्हणायचा.

पण एका उन्हाळ्यात नागपूरहून त्याची आई आली आणि मुलाची लढाई बघायचीच म्हणून बसली. सुहासची बायको मेधा घाबरली. "अहो, आईंना बीपी आहे. त्यांच्यासमोर मरायचं नाही हं! काहीही करा, पण शेवटपर्यंत उभे राहा."

सुहासने ब्रायनला गाठलं. ब्रायन विरघळला. "ठीक आहे, तुला रिव्हॉल्वर देतो. पण नियम सगळ्यांना एकच."

नियम ब्रायनने नुकताच काढला होता. रिव्हॉल्वरच्या सहा घरांपैकी एक सुरक्षिततेसाठी रिकामं ठेवायचं, म्हणजे बार पाच. दारू भरा, ग्रीस लावा, ठिणगीच्या टोप्या बसवा, असली पुन्हा भरायची भानगड मैदानात नाही. पाच संपले की ज्याने त्याने इमानदारीत आडवं व्हायचं.

परिणाम? रिव्हॉल्वरवाल्यांचे बार संपेनातच! कधीही विचारा, "अजून एक शिल्लक आहे!"

मी सुहासला बजावलं, "चार झाड. पाचवा राखून ठेव, म्हणजे उभं राहायला हरकत नाही."

*

लढाईआधी आई माझ्या स्टॉलवर आल्या. साडी, स्वेटर, स्पोर्ट्स शूज. एक नेव्ही रिव्हॉल्वर हातात घेऊन निरखत बसल्या. त्याच्या फिरत्या चक्रावर जहाजांची लढाई कोरलेली असते.

"काय जी भाऊ, हे घोड्यावरचे लोक वापरत ना? मग यावर जहाज काऊन?"

"फॅशन हो आई, दुसरं काय!"

"असं होय. आमची नात राहते नॉटिंगहॅमला, टी-शर्टवर न्यूयॉर्क!"

*

लढाई सुरू झाली. मी आणि मेधा आईंच्या दोन बाजूंना, प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपाशी. पाच बारांचा नियम मीच त्यांना समजावला. गप्पांना विषय हवा म्हणून. नागपुरात त्यांची रमीची टोळी आहे, पानं कोणाची किती गेली हे त्यांना तोंडपाठ असतं, हे मला नंतर मेधाने सांगितलं.

सुहास पुढे धावला. समोरून कीथ. धाड! धाड! दोघांनाही चेव चढलेला. धूर विरला तेव्हा दोघं दहा पावलांवर, एकमेकांवर रिव्हॉल्वर रोखून.

"सुहास, झोप रे! माझा एक शिल्लक आहे!" कीथ ओरडला.

"माझाही!" सुहास.

कोणी चाप ओढेना. कोणी आडवंही होईना. दोन्हीकडचं सैन्य बघत उभं. मेधाने डोळे मिटून घेतले.

माझ्या शेजारी दोरी हलली. आई दोरीखालून वाकून थेट रणांगणात! ब्रायनने घाईघाईने शिट्टी फुंकली. आई कीथसमोर जाऊन उभ्या राहिल्या, पाच बोटं दाखवली आणि जमिनीकडे बोट केलं. कीथने इकडेतिकडे पाहिलं. टोपी काढली आणि मुकाट्याने भर चिखलात आडवा झाला!

निळ्यांनी जल्लोष केला. सुहास सुटकेचा नि:श्वास टाकून हसला. "थँक यू, आई!"

आई त्याच्याकडे वळल्या.

"दात काऊन काढतोस? तुझेही पाच झालेत, मी मोजलेत. हिशोब इमानदारीने ठेव, आणि हो आडवा!"