सातवं बटण

वयाच्या सहासष्टाव्या वर्षी टेलरमास्तर एका परपुरुषावर जळायला लागले. परपुरुष ऐंशीच्या पुढचा होता, अंथरुणाला खिळलेला होता आणि मुख्य म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर होता. पण जळणारा माणूस असले तपशील बघत बसत नाही.

झालं असं, की दुसऱ्या गावी नोकरी करणाऱ्या लेकीने आईचा वेळ जावा म्हणून व्हिडिओ गेमचं यंत्र टीव्हीला जोडून दिलं. मास्तरांना वाटलं, गाड्या पळतील, बंदुका फुटतील, चार दिवसांत बाई कंटाळेल. पण या गेममध्ये कोणी पळतच नव्हतं. एक म्हातारा बँडवाला खाटेवर पडून शेवटच्या घटका मोजत होता. खेळणाऱ्याने त्याच्या खोलीत जायचं, खिडकी उघडायची, पाणी पाजायचं आणि आयुष्यात काय काय राहून गेलं हे तो सांगेल तसं ऐकून घ्यायचं. एवढाच खेळ. आणि बाई तो दुपारी दोन ते चार खेळायच्या, म्हणजे नेमक्या मास्तर खालचं दुकान बंद करून वर जेवायला येत त्या वेळी.

"अगं, ताट गार झालंय."

"हळू बोला. त्यांचा डोळा लागलाय."

"त्यांचा! माझा लागतो तेव्हा मिक्सर लावतेस."

"तुम्ही घोरता. ते बिचारे नुसते खोकतात."

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम खोकून पाहिलं. आतून आवाज आला, "पंख्याखालून उठा."

खरं बोचत होतं ते वेगळंच. बँडवाला बोलता बोलता थांबला की बाई पडद्याकडे वाकून मऊ आवाजात विचारायच्या, "मग काय झालं हो?" हा आवाज मास्तरांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्यांच्या वाट्याला प्रश्न यायचे ते गॅस संपल्याचे. एकदा तर बाई रुमालाने डोळे पुसताना दिसल्या. आपण गेल्यावर ही इतकं तरी रडेल का? घास मास्तरांच्या घशातच अडकला, आणि कोणी पाणी विचारलं नाही.

गुरुवारी बाई दाढ दाखवायला गेल्या. शत्रूला एकट्याने गाठावं म्हणून मास्तरांनी यंत्र चालू केलं. बँडवाला झोपलेला. भिंतीवर त्याचा लाल कोट टांगलेला; शेवटचा एकदा अंगात घालायचाय म्हणून त्याने तो खेळणाऱ्याकडे दुरुस्तीला दिला होता. कोटाला सात काजं होती आणि सहा बटणं. सातवं बशीत पडलेलं, शेजारी सुई ओवून तयार.

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. ओवलेली सुई टाकून कोणी उठतं? त्यांच्या दुकानात जेवण थांबायचं, गिऱ्हाईक थांबायचं, हातातलं काम थांबायचं नाही. शिवाय जरा आनंदही झाला. 'तीन आठवडे हिचं कौतुक करतोस ना? बघ, बटण कोणी लावलं ते.' त्यांनी खटका दाबला. पडद्यावर सुई चार वेळा आरपार गेली. "एकेरी दोरा," मास्तर पुटपुटले.

बँडवाल्याने कोट घातला, मास्तरांकडे बघून काहीतरी सांगितलं आणि मरून गेला.

बाई सुजलेला गाल धरून आल्या तेव्हा पडद्यावर रिकामी खाट होती.

"बटण लावलंत?"

"राहिलं होतं."

"राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं! बटण लागलं की ते जाणार, हे लेकीने सांगितलं होतं मला. गेले अठरा दिवस मी नुसती खिडकी उघडतेय."

"परत पहिल्यापासून लाव की."

"परत? एकदा गेलेल्या माणसाला परत मरायला बोलावू?" बाई खुर्चीत बसल्या. मग तोंड फिरवून म्हणाल्या, "शेवटी काय म्हणाले? ते मला सांगायचं होतं त्यांनी. बसले रोज मी, आणि ऐकलंत तुम्ही!"

हा सूर मास्तरांनी ओळखला. तीन आठवडे ते स्वतः याच सुरात जेवत होते.

"तो मिरवणुकीत वाजवत होता," मास्तर म्हणाले. "भाऊ कायमचा गाव सोडून निघालेला. रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभा, हात करत होता. याला वाटलं, गाणं अर्धं टाकू नये, पुरं करून जाऊ. पुरं केलं. तोवर भाऊ गेला. 'ते गाणं पुरं करून मी काय मिळवलं?' असं म्हणाला. मग गेलाच."

मास्तर बोटांवरचा खडू चोळत राहिले.

"आई गेली त्या दिवशी बस बंद पडली नव्हती."

"काय?"

"निरोप अकरालाच आला होता. शाळेच्या गणवेशांतला शेवटचा सदरा मशीनवर होता. एक बाही राहिली होती. म्हटलं, एवढी लावतो नि निघतो. वीस मिनिटं गं फक्त. पोचलो तर शेजारीण म्हणाली, आत्ता आत्तापर्यंत दाराकडे बघत होत्या."

"एकतीस वर्षं तुम्ही त्या ड्रायव्हरला शिव्या देताय!"

"कोणाला तरी द्यायला हव्यात ना."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मास्तर बघत राहिले. न राहवून त्यांनी विचारलंच, "हे त्या बँडवाल्यासाठी?"

"नाही."

मास्तरांचा चेहरा जरा उजळला. "मग?"

"सासूबाईंसाठी."

आता स्वतःच्या आईवर जळणं काही शोभत नव्हतं. तरी क्षणभर जळले. एवढ्यात बाईंनी टीव्ही बंद केला, खुर्ची त्यांच्याकडे ओढली आणि त्याच मऊ आवाजात विचारलं, "मग काय झालं हो? तुम्ही एकटेच होतात का तिथे?"

"सांगतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांना सांगता येईना.